तोच डॉक्टर, तोच मार्शल, शेवट मात्र वेगळा : नाटकाचा सिनेमा होतो तेव्हा नेमकं काय बदलतं?

परवा भाच्यानं लॅपटॉपवर एक जुना चेक सिनेमा लावला. कृष्णधवल, १९३७ सालचा, खाली इंग्रजी अक्षरं. त्याला ‘रोबो’ हा शब्द कुठून आला ते शोधायचं होतं. शोधता शोधता तो कारेल चापेक या चेक लेखकापाशी पोचला आणि तिथून या सिनेमावर घसरला. पंधरा मिनिटांत त्यानं निकाल दिला, “आत्या, हे तर नाटकच शूट केलंय!”

त्याचं पूर्ण चुकलं नव्हतं, पण बरोबरही नव्हतं. जुने सिनेमे बघणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो, म्हणून हाच सिनेमा समोर ठेवून तो जरा उलगडून बघू.

आधी गोष्ट समजून घेऊ

नाटकाचं नाव ‘बीला नेमोत्स’, म्हणजे ‘पांढरा रोग’. आपल्याकडे हे शब्द ऐकल्यावर कोड आठवतं. त्याचा इथे काही संबंध नाही. कोड कुणाकडून कुणाला लागत नाही. नाटकातला रोग चापेकनं कल्पनेतून रचलेला आहे. अंगावर संगमरवरासारखा पांढरा, बधिर डाग उठतो, मग शरीर सडत जातं आणि माणूस मरतो. रोग साथीचा आहे आणि गाठतो फक्त पंचेचाळीस-पन्नाशी ओलांडलेल्यांना. म्हणजे नेमके खुर्च्यांवर बसलेले लोक.

औषध एकाच माणसाकडे आहे : डॉक्टर गालेन, गरिबांच्या वस्तीत दवाखाना चालवणारा. गरिबांवर तो विनाअट उपचार करतो. श्रीमंतांना आणि सत्ताधाऱ्यांना मात्र अट घालतो : तुमच्या देशांनी युद्ध कायमचं सोडलं तरच औषध मिळेल. त्याच्या देशाचा हुकूमशहा, मार्शल, तर युद्धाच्या तयारीत आहे.

नाटकाचे तीन अंक, आणि तिन्ही अंकांची नावं गालेनच्या वाटेत उभ्या राहिलेल्या तीन माणसांवरून दिली आहेत. पहिला अंक मोठ्या इस्पितळाच्या प्रमुखाचा, दुसरा शस्त्रांचे कारखाने चालवणाऱ्या उद्योगपतीचा आणि तिसरा मार्शलचा. गालेनच्या नावाचा अंकच नाही. मला ही मांडणी फार बोलकी वाटते.

हे नाटक २९ जानेवारी १९३७ रोजी प्राग शहरात, तिथल्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेनं स्तावोव्स्के नाट्यगृहात रंगमंचावर आणलं. शेजारी जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन चार वर्षं होत आली होती. गालेनच्या भूमिकेत हुगो हास होता, मार्शलच्या भूमिकेत झ्देनेक श्टेपानेक. त्याच वर्षी २१ डिसेंबरला सिनेमा पडद्यावर आला. दिग्दर्शन हासचंच, आणि या दोन्ही भूमिकांत नट तेच. मग वेगळं काय झालं?

‘शूट करणं’ आणि ‘सिनेमा करणं’

आपल्याकडे नाटकांच्या सीड्या निघायच्या ते आठवतंय? थिएटरात ज्या विनोदावर शेजारच्या काकांनी मांडीवर थाप मारली होती, तोच विनोद घरच्या टीव्हीवर कोमेजलेला वाटायचा. नट तेच, संवाद तेच, आणि तरी आपण तिसरेच कुणीतरी बाहेरून डोकावतोय असं वाटत राहायचं. ते नाटक शूट करणं.

नाटकाचा सिनेमा करणं हे वेगळं काम. त्याला माध्यमांतर म्हणतात, म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या साधनानं पुन्हा सांगणं. घरी पानात वाढायची पातळ आमटी डब्यात तशीच देता येत नाही. ती आटवावी लागते किंवा भाजी बदलावी लागते. चव तीच हवी असेल तर कृती बदलावी लागते.

या बदलांमध्ये सगळ्यात मोठा बदल असतो अंतराचा. नाट्यगृहात तुमची खुर्ची ठरलेली. सहाव्या रांगेत बसलात तर पडदा पडेपर्यंत सहावीच रांग. नटाचा चेहरा तुमच्यापासून तेवढाच लांब राहणार. सिनेमात ती खुर्ची दिग्दर्शक उचलतो आणि मनाला येईल तिथे नेऊन ठेवतो : आत्ता खोलीच्या कोपऱ्यात, पुढच्या क्षणी नटाच्या पापणीपाशी. लग्नाच्या हॉलमध्ये मागे बसलेल्याला अक्षता दिसतात. बोहल्याशेजारी उभ्या करवलीला नवरीच्या हाताचा कंप दिसतो. लग्न एकच असतं. पण घरी जाऊन दोघांनी सांगितलेलं लग्न एक नसतं.

मग जुने सिनेमे नाटकासारखे का दिसतात?

याचं एक कारण अगदी यांत्रिक आहे. १९३० च्या आसपास सिनेमा बोलू लागला तेव्हा कॅमेरा शिवणयंत्रासारखा खडखडायचा आणि ती खडखड माइक पकडायचा. म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही काचेच्या बंद खोपट्यात कोंडायचे. आवाज थांबला, पण कॅमेऱ्याचं चालणंही थांबलं. माइक कुठेतरी फुलदाणीत दडवलेला, त्यामुळे नटही तिथून हलेनात. मुकेपणात मस्त हिंडायला शिकलेला सिनेमा बोलायला लागला आणि पुन्हा पाळण्यात जाऊन बसला. असली लेकरू-अवस्था सुरुवातीची तीन-चार वर्षं बऱ्याच देशांत दिसते.

पण आवाजामुळे काही दारं उघडलीसुद्धा. चेक रंगभूमीवर १८३४ साली ‘फिद्लोवाच्का’ नावाचं योसेफ कायेतान टिलचं नाटक झालं, तेही याच स्तावोव्स्के नाट्यगृहात. त्यातलं एक गाणं, ‘माझं घर कुठे?’ असा प्रश्न विचारणारं, लोकांच्या ओठांवर इतकं बसलं की १९१८ साली चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश झाल्यावर तेच राष्ट्रगीत झालं. ज्या नाटकाचा प्राण एका गाण्यात आहे त्याचा मूकपट काढून हाती काय लागणार? ‘फिद्लोवाच्का’ पडद्यावर आलं १९३० साली, बोलपटाचा जमाना सुरू झाल्या झाल्या.

१९३७ पर्यंत कॅमेऱ्याचं खोपटं गेलं होतं. ‘पांढरा रोग’चा छायालेखक ओटो हेलर पुढे इंग्लंडमध्ये गेला आणि तिथे नावाजला. म्हणजे यंत्र आणि माणूस दोन्ही तयार होतं. तरी भाच्याला नाटक दिसलं, त्याचं दुसरं कारण नटांच्या बोलण्यात आहे.

शेवटच्या रांगेसाठी लावलेला आवाज

श्टेपानेकचा मार्शल बोलतो तेव्हा प्रत्येक शब्द छातीतून येतो. रंगमंचावर असंच बोलावं लागतं, बाल्कनीत बसलेल्यानंही तिकीट काढलेलं असतं. कॅमेरा हातभर अंतरावर असताना तोच आवाज चढा वाटतो. आजच्या सिनेमातलं पुटपुटणं ऐकून तयार झालेल्या कानांना तर फारच.

पण गंमत अशी, की या गोष्टीत ते चालून जातं. मार्शल हा माणूसच चोवीस तास रंगमंचावर जगणारा आहे. बाल्कनी, गणवेश, जयघोष हे त्याचं नेपथ्य. असा माणूस खासगीतही भाषणच करणार.

गालेनचं नेमकं उलट. चापेकनं त्याला अडखळती भाषा दिली आहे. तो वाक्य अर्धवट सोडतो, मध्येच ‘कृपा करून’ म्हणतो, माफी मागितल्यासारखा बोलतो. आणि याच भित्र्या सुरात तो जगातल्या सरकारांना सांगतो की माझी अट बदलणार नाही. रंगमंचावर अशी पुटपुट करणं अवघड काम. फार हळू बोललं तर मागे ऐकू जात नाही, मोठ्यानं बोललं तर भित्रेपणा जातो. पडद्यावर ही अडचणच उरत नाही. क्लोज-अपमध्ये, म्हणजे चेहराभर चौकटीत, हासला आवाज चढवण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हाच्या प्रेक्षकाला ठाऊक होती, आपल्याला नाही. हास हा चेक सिनेमातला लाडका विनोदी नट होता. लोक त्याला बघून हसायला सरावले होते. तोच माणूस डॉक्टरचा कोट घालून नम्रपणे म्हणतो की माझ्या अटीपायी माणसं मरतील हे मला माहीत आहे. पहिल्या काही मिनिटांत प्रेक्षागृहात कुणीतरी सवयीनं हसलं असेल आणि मग गप्प झालं असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

एक हस्तांदोलन

अंतराचा मुद्दा एका प्रसंगात नीट कळतो. शस्त्रसम्राट बॅरन हा मार्शलचा जुना दोस्त. पडद्यावर त्याचं नाव क्रोग आहे. मूळ संहितेत ते क्रूग होतं आणि ते ऐकल्यावर जर्मनीतलं शस्त्रं बनवणारं क्रुप घराणं आठवल्याशिवाय राहत नव्हतं. बॅरनला डाग उठतो. तो मार्शलला भेटायला येतो आणि कबूल करतो की मला रोग झालाय. मार्शल काय करतो? घाबरत नाही, हे दाखवायला हात पुढे करतो. दे तुझा हात.

रंगमंचावर हा प्रसंग दोन माणसांचा आहे. तुम्हाला दोघंही पूर्ण दिसतात आणि कुणाकडे बघायचं ते तुम्ही ठरवता. एखादा मार्शलकडे बघून म्हणेल, काय छाती आहे! दुसरा बॅरनकडे बघून म्हणेल, बिचारा. पडद्यावर ही निवड तुमच्या हातात राहत नाही. कॅमेऱ्यानं हात दाखवले की तुम्ही हातच बघणार, चेहरा दाखवला की चेहरा. दिग्दर्शक तुमच्या वतीनं बघतो. आणि कोविडनंतर तर ते दोन हात एकमेकांत जाताना बघून आपल्या पोटात जे होतं, ते १९३७ च्या प्रेक्षकाला झालं नसेल.

पुढे मार्शल बाल्कनीतून युद्धाचं भाषण ठोकतो. आत येतो. छातीवर काहीतरी विचित्र वाटतं, म्हणजे खरं तर काहीच वाटत नाही. डाग बधिर असतो. न जाणवणं हेच लक्षण. हा क्षण तर सिनेमाच्याच वाटणीचा म्हणायला हवा, कारण तो घडतो एका बोटाच्या टोकाशी.

“मग नाटकाला काय उरलं? सिनेमाच सरस की!”

थांबा. काही जागा अशा आहेत जिथे रंगमंच सिनेमाला पाणी पाजतो. या नाटकात ती जागा म्हणजे गर्दी.

शेवटी मार्शल मुलीच्या आणि बॅरनच्या घरातल्या एका तरुणाच्या आग्रहानं मऊ पडतो. युद्ध थांबवायला तयार होतो, गालेनला बोलावणं जातं. गालेन औषध घेऊन निघतो. वाटेत युद्धाच्या नावानं बेभान झालेला जमाव. घोषणा चाललेल्या. हा म्हणतो, युद्ध नको. एवढंच. जमाव त्याला तुडवतो, औषधही पायाखाली जातं. ज्या मार्शलचा जयजयकार चाललाय त्याचाच जीव आपण चिरडतोय, हे कुणालाच माहीत नाही.

सिनेमा इथे खरी गर्दी उभी करू शकतो. रंगमंचावर फार तर पंधरा-वीस माणसं, बाकी विंगेतून गलका. म्हणजे सिनेमा जिंकला? मला नाही वाटत. नाट्यगृहात तुम्ही स्वतः अंधारात, शेकडो माणसांबरोबर बसलेले असता. गालेन तुमच्यापासून वीस फुटांवर पडतो आणि कुणीही उठत नाही. मंचावरच्या पंधरा जणांच्या मागे उरलेली गर्दी तुम्ही पुरवता. पडद्यावरची गर्दी कितीही मोठी असली तरी ती ‘त्यांची’ असते, तुम्ही इकडे असता. सिनेमानं तुम्हाला गालेनच्या डोळ्यांपाशी नेलं, पण गर्दीतून बाहेरही काढलं. अंतर कमी करताना दुसरीकडे ते असं वाढतं.

शेवट बदलला, ही लेखकाशी बेइमानी नाही का?

हा आक्षेप सगळ्यात जुना आणि सगळ्यात हटवादी. नाटकात औषधाचं रहस्य गालेनबरोबर मरतं. दिवा विझला, काडेपेटीही गेली. सिनेमात एक डॉक्टर मार्टिन आहे, गालेनचा मित्र, आणि औषधाची माहिती त्याच्याकडे राहते. म्हणजे गालेन गेला तरी इलाज उरतो.

बदल मोठा आहे, यात वाद नाही. पण तो का झाला असेल याचा विचार करताना दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. नाटक बघून माणूस बाहेर पडतो तेव्हा नट जिवंत असतात. पडदा पुन्हा वर जातो, मेलेला गालेन उठून वाकतो, टाळ्या घेतो. रंगमंचाकडे ही एक सुटकेची खिडकी असते, लिहिलेली नसली तरी. सिनेमात कुणी उठून वाकत नाही. शेवटची चौकट हीच शेवटची. म्हणून तोच अंधार पडद्यावर जास्त गडद होतो.

दुसरी गोष्ट काळाची. डिसेंबर १९३७ मध्ये प्रागच्या थिएटरात बसलेल्या माणसाला बाहेर पडून त्याच बातम्या वाचायच्या होत्या. देशाची लोकसंख्या सुमारे दीड कोटी, त्यातले तीस लाखांहून जास्त जर्मन भाषिक, आणि सीमेपलीकडून त्यांच्या नावानं रोज धमक्या. अशा माणसाला ‘सगळं संपलं’ सांगायचं, की ‘कुणाकडे तरी अजून आहे’ सांगायचं?

तरीही माझं मत विचाराल तर मला नाटकाचाच शेवट खरा वाटतो. मार्टिन हा चांगला माणूस आहे, पण तो कथेतून आलेला नाही, सोयीतून आलेला आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मागाहून कुणीतरी वेगळ्या शाईत एक गोळी वाढवावी तसा.

“पण नाटकातला विचार तरी बरोबर आहे का?”

भाच्याचा पुढचा प्रश्न हा होता, आणि तो माध्यमांतराचा नव्हे तर सगळ्या गोष्टीचाच आहे. डॉक्टरनं अट घालावी? रुग्ण श्रीमंत आहे म्हणून त्याला मरू द्यावं? हे तर ओलीस धरणं झालं.

चापेकनं ही गाठ सोडवलेलीच नाही, आणि बरं केलं. नाटकात एक साधं कुटुंब आहे. वडील बॅरनच्या कारखान्यात हिशेबनीस. रोगानं वरचे म्हातारे अधिकारी गेल्यामुळे त्यांना बढती मिळते, तेव्हा ते जवळजवळ रोगाचे आभार मानतात. मग बायकोच्या मानेवर डाग दिसतो. ते गालेनकडे धावतात. गालेन म्हणतो, उपचार करतो, फक्त शस्त्रांच्या कारखान्यातली ती नोकरी सोडा. ते सोडू शकत नाहीत. इतक्या वर्षांनी मिळालेलं पद कसं सोडायचं?

इथे राग नेमका कुणाचा यायचा? हिशेबनिसाचा येतो, गालेनचाही येतो. स्वयंपाकघरात बसलेल्या बाईकडे बघून दोघांना गदागदा हलवावंसं वाटतं. मार्शल आणि बॅरन लांबचे लोक आहेत, ही माणसं मात्र आपल्या मजल्यावरची आहेत. सिनेमाला हे प्रसंग मुळात सोपे जातात, कारण छोट्या खोलीत मावणं हा कॅमेऱ्याचा जन्मजात गुण.

आणि एक कबुली. हे नाटक मुळातच अर्धं सिनेमासारखं रचलेलं आहे. तीन अंकांत चौदा दृश्यं : इस्पितळ, घर, दवाखाना, मार्शलची कचेरी, रस्ता. एका दिवाणखान्यात घडणाऱ्या तीन अंकी नाटकाच्या मानानं याचा सिनेमा करणं सोपं होतं. म्हणजे हासला आयती खिचडी मिळाली म्हणा, फोडणी तेवढी द्यायची होती.

नाटक विरतं, रीळ उरतं

शेवटचा फरक गोष्टीच्या बाहेरचा आहे. नाटक करायला माणसं त्या जागी, त्या दिवशी जिवंत आणि मोकळी असावी लागतात. रीळ डब्यात बंद करून बोटीवर चढवता येतं.

३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिकचा करार झाला आणि देशाचा सीमाभाग जर्मनीला देऊन टाकण्यात आला. चापेक त्याच वर्षी २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, आजारपणात गेला. वय ४८. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. चापेकचा भाऊ योसेफ, ज्यानं ‘रोबो’ हा शब्द सुचवला होता, त्याला पकडून नेलं आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये बेर्गन-बेल्झन छळछावणीत तो गेला. हुगो हास ज्यू घरातला. तो देश सोडून अमेरिकेत पोचला. त्याचा सख्खा भाऊ पावेल, संगीतकार, मागे राहिला आणि १९४४ साली आउश्विट्झमध्ये मारला गेला.

नाटकाचा तो संच पुन्हा कधी उभा राहणं शक्य नव्हतं. सिनेमा मात्र अमेरिकेत दाखवला गेला, वेगळ्या नावानं, आणि तो अजूनही बघायला मिळतो. जानेवारी १९३७ च्या त्या रात्री हासनं गालेन कसा केला होता, हे आज कुणालाच बघता येत नाही. डिसेंबरातला गालेन भाच्याच्या लॅपटॉपवर होता.

भाच्यानं सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी कुणाच्या चेहऱ्याकडे न बघता तो म्हणाला, “तो हात मिळवायचा सीन आला की सांग.”